भुकेची साखर

माय, मी आता तुझ्यापेक्षा म्हातारा झालो आहे. तू गेलीस तेव्हा तुझे केस अर्धे काळे होते. माझी शाळा सातवीत सुटली आणि त्यानंतर केळीच्या गाडीच्या पावतीवर सही करण्यापलीकडे मी फारसं लिहिलं नाही, त्यामुळे हात अडतो आहे. तुला तर वाचताही येत नव्हतं. तरी लिहितो, कारण तुला पाहिलेलं माणूस या घरात माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. तुझी सून गेली, आत्या गेली. मुलगा तेव्हा पाळण्यात होता, त्याला तू भिंतीवरच्या फोटोपुरती. आणि माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे तुला माहीत आहे. लहानपणी नुसतं आभाळ भरून आलं तरी मी कडब्याच्या वळईवर टाकायला ताडपत्री शोधत फिरायचो आणि तू हसून बायांना सांगायचीस, "ह्याले आभायनी बी काळजी शे." इथल्या बाया मग तुझ्या शे-शेला हसायच्या. तू धुळ्याकडची, इथे रावेरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी दिलेली, आणि तुझी बोली शेवटपर्यंत बदलली नाही. आता माझ्या तोंडून कधी एखादा शे निघाला की घरातली पोरं हसतात.

मोठ्या नातीला दिवस गेले आहेत. मुलाची पहिली मुलगी, धुळ्याला दिलेली. म्हणजे तुझं माहेर ते तिचं सासर झालं. धुळ्याच्या दवाखान्यात तिला गोड पाणी पाजून रक्त घेतलं आणि सांगितलं, पोटात बाळ आहे तोवरची साखर आहे, पथ्य सांभाळा, तेवढ्याने नाही भागलं तर इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल. पहिलं बाळंतपण म्हणून आम्ही तिला थोडी लवकरच माहेरी आणली. माझ्या सुनेने, तिच्या आईने, मला हे चहा देताना सांगितलं. कपात साखर नसते माझ्या, मलाही हा आजार कितीतरी वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत. माझं मला काही वाटत नाही. पण तिचं ऐकून मी कप खाली ठेवला. मी एवढंच विचारलं, "सुई म्हणाले का?" सून म्हणाली, "लागली तर म्हणाले, आबा." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

तुझ्या वेळी कोणाला काय कळत होतं. मोरीत तुझ्या लघवीला मुंग्या लागायला लागल्या म्हणून मी तुला सावद्याला नेलं होतं. तिथल्या कंपाउंडरने काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात तुझी लघवी टाकली आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल. तू कौतुकाने बघत होतीस, रंगपंचमीला बघावं तशी. तो म्हणाला, "आजी, जिभेला आवर घाला. गोड बंद." तू म्हणालीस, "मी गोड खादं कव्हय?" तो हसला. म्हणाला, "सगळ्या असंच म्हणतात." परत येताना मी बाजारातून तुझ्यासाठी रबरी चपला घेतल्या. तू त्या सावद्याच्या बाजाराला जाण्यापुरत्या ठेवल्यास. घरात आणि वावरात अनवाणीच.

त्यानंतर माझ्या वडिलांनी गुळाचा डबा माळ्यावर चढवून ठेवला. तुला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, पण गल्लीत बोलायला विषय मिळाला. खाणारीचा रोग. श्रीमंताचा रोग. आत्या तर तोंडावर म्हणायची, "वहिनी, आमच्या नशिबी नाही लागला असा रोग, आम्हाले कुठी गोड भेटते?" आणि सगळ्या हसायच्या. तूही हसायचीस. माय, तू सगळ्यांचं झाल्यावर तव्यावर उरलेली भाकरी आणि भरड डाळीचं पातळ पाणी खाणारी बाई. केळीच्या बागा इतरांच्या होत्या, आपलं वावर कोरडवाहू. गोड म्हणजे वर्षातून चार सण. तरी तुला खरंच वाटायला लागलं होतं की आपल्याकडून काहीतरी चुकून खाल्लं गेलं असेल. पुरण शिजलं की तू ते चाखायची नाहीस, कुंपणापलीकडून शेजारच्या काकूला हाक मारायचीस आणि तिच्या हातावर चमचाभर ठेवून विचारायचीस, गोडी बेतशीर आहे का. पुरण वाटून झालं की लगेच हात धुवायचीस, कोणी बघत असो वा नसो.

ती आखाजी, अक्षय तृतीयेचा सण. लेकी माहेरी आल्या आहेत, लिंबाला झोके बांधले आहेत, आणि अंगणातल्या चुलीवर पालथं खापर तापत आहे. तू मांडे करते आहेस. पुरणाची पोळी तुझ्या दोन हातांवर झुलत मोठी होते, कोपरापर्यंत येते, आणि तू ती खापरावर अशी सोडतेस की सुरकुती पडत नाही. मला ते बघायला फार आवडायचं. तुझा डावा पाय पसरलेला आहे, गुडघा दुखतो म्हणून. काहीतरी जळाल्याचा वास येतो. आत्या म्हणते, "वहिनी, मांडा जयला वाटते, कुठी लक्ष आहे तुह्यं?" तू मांड्याची कड उचलून बघतेस. मांडा चांगला आहे. आम्ही हसतो. मग माझं लक्ष खाली जातं. तुझ्या पायाची कड चुलीच्या विटेला टेकली आहे, कातडी पांढरी होऊन वर आली आहे, आणि तू माझं तोंड बघून विचारतेस, "काय व्हयनं?" साखरेने पाय बधिर झाला होता, तुला काहीच जाणवत नव्हतं. मी पाय ओढून बाजूला केला तेव्हाही तू माझ्याकडेच बघत होतीस, पायाकडे नाही. मग कोरफड लावलीस आणि उरलेले मांडे केलेस, कारण पंगत बसायची होती.

जखम भरली नाही. आखाजी गेली, पेरण्या झाल्या, पाय काळा पडायला लागला. मामा धुळ्याला होता म्हणून तुला धुळ्याला नेलं. तिथे पाय गुडघ्याखाली काढला. सिस्टर काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची आणि इन्सुलिन द्यायची. तू मात्र मी डबा घेऊन आलो की एकच विचारायचीस, "बठ्ठा जेवनात का रे?" मी म्हणायचो, जेवले माय, सगळे जेवले. मग तू झाकण उघडायचीस. सुया सुरू होऊन आठवडाही झाला नसेल, तू गेलीस. विष आधीच अंगभर पसरलं होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण गावात एवढंच आलं की म्हातारीला सुई लागली आणि म्हातारी गेली. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते माझंच झालं. आपल्या गल्लीत अजूनही माणसं गोळ्या मूठभर खातील, कडूलिंब पितील, कारल्याचा रस पितील, पण सुई म्हटलं की दवाखाना बदलतात.

म्हणून नात घरी आली आणि मी ठरवलं की तिला सुई लागू द्यायची नाही. तिच्याकडे ते बोट टोचायचं छोटं यंत्र आहे, त्यावर आकडा येतो. तो आकडा कमी राहिला की सुई नाही, एवढं मला कळलं होतं. मग मी तिच्या ताटावर नजर ठेवायला लागलो. भात उचलायला लावला. केळं तर घरातूनच हलवलं, भाकरी अर्ध्यावर आणली. डाळीचीही मला भीती वाटायची, कोण जाणे तीत काय असेल. सून म्हणायची, "आबा, पोटुशी पोर आहे, दोन घास खाऊ द्या तिला." मी म्हणायचो, "त्या दोन घासांनीच होतं सगळं." नात हसायची. म्हणायची, "आबा, तुम्ही डॉक्टर व्हायचं सोडून केळी कशाला कापत बसलात?" मी म्हणालो, "मी शाळा सोडली नाही, शाळेने मला सोडलं." तिने ऐकलं माझं. तीही घाबरलेली होती, आणि तिच्या सासरी कोणीतरी बोललं होतं की लग्नानंतर मिठाया फार झाल्या. रोज सकाळी ती बोट टोचून आकडा मला दाखवायची आणि मी शाब्बास म्हणायचो. दुपारी तिला चक्कर यायची. मी म्हणायचो ऊन आहे.

जळगावला तपासणीला मी बरोबर गेलो, आकडे चांगले म्हणून थोडा ऐटीतच. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. त्यांनी आकडे बघितले, सोनोग्राफी बघितली, परत आकडे बघितले. मग लघवी तपासायला पाठवली. म्हणाल्या, "साखर इतकी छान आहे, आणि बाळ मात्र हवं तेवढं वाढत नाही. काय खातेस दिवसभर?" नात खाली बघत राहिली. सून माझ्याकडे. मी सांगितलं, "मॅडम, मी तिला कमी खायला लावतो. सुई नको म्हणून." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आबा, तुम्ही सुई वाचवली आणि बाळाला उपाशी ठेवलं. लघवीत उपासाची खूण आली आहे." त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

मग त्या बोलत राहिल्या, आणि हे सगळं लिहितो आहे ते त्यांच्या त्या बोलण्यासाठी. मला सगळं समजलं असं नाही. पण त्यांनी माझ्यासारख्याला कळेल असं सांगितलं. म्हणाल्या की आधी आम्हीही समजायचो, जास्त खाल्लं, लठ्ठ झालं की हा आजार. ते खोटं नाही, वजन वाढणं, बसून राहणं, घराण्यात असणं, ही सगळी कारणं आहेतच. पण गेल्या काही वर्षांत जगभर आणि आपल्याकडेही अभ्यास झाले, दुष्काळात जन्मलेल्या माणसांना म्हातारपणापर्यंत तपासलं, तेव्हा दिसलं की आईच्या पोटात ज्याला कमी मिळालं त्याला पुढे साखर होण्याचा धोका जास्त. पोटातलं बाळ उपाशी राहिलं की त्याचं शरीर काटकसर शिकतं. साखर जाळणारे स्नायू कमी भरतात, इन्सुलिन करणारा अवयव कमकुवत राहतो. मग मोठेपणी चार घास बरे मिळायला लागले की ते शरीराला झेपत नाहीत. काही माणसांना तर लठ्ठ न होताच, वाळलेल्या अंगानेच साखर होते, म्हणाल्या. "आपल्याकडे अशी पुष्कळ आहेत. त्यांना आपण उगाच खादाड म्हणत आलो."

माय, मी तिथेच विचारलं. माझी आई अशी होती, म्हटलं, हाडाची काडी, आणि तिने गोड खाल्लं नव्हतं. मग तिला का? त्या म्हणाल्या, "एका माणसाचं खात्रीने कोणी सांगू शकत नाही आबा. पण तुम्ही सांगता त्यावरून, त्यांच्या खाण्याचा दोष होता असं मी तरी म्हणणार नाही." बरोबर याच शब्दांत म्हणाल्या. मी ते घरी येईपर्यंत मनात घोळवत राहिलो, विसरू नये म्हणून. कंपाउंडर गेला, आत्या गेली, गुळाचा डबा कुठे गेला कोण जाणे. ज्यांना हे ऐकवायचं ते कोणीच नाही.

सुई सुरू झाली नातीची. पोटभर जेवायचं आणि वर सुई, असं ठरवून दिलं आहे. थोडं थोडं, पण पोटभर, डाळ आणि उसळ आधी, भाकरी मागून, जेवल्यावर अंगणात फेऱ्या. सुई आता सुईसारखी नाहीच, पेनासारखी आहे, टोक केसाएवढं. तिने पहिल्यांदा टोचलं तेव्हा मी ओट्यावर जाऊन बसलो. तिने आतून हाक मारली, "आबा, झालं. तुम्हालाच जास्त लागलं वाटतं." तिच्या नवऱ्याने धुळ्याहून फोन केला होता, त्याच्या घरी कोणीतरी म्हणत होतं की सुई लागली म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं. मी फोन घेतला आणि सांगितलं की माझी आई सुईने गेली नाही, उशीर झाल्याने गेली. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. मागच्या सोनोग्राफीत बाळाने वजन धरलं आहे. पुरतं नाही, पण धरलं आहे. बाळंतपणाला अजून काही आठवडे आहेत आणि माझा जीव रोज वरखाली होतो. नंतरही तिला तपासत राहावं लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा बायांना पुढे साखर कायमची होऊ शकते, आणि बाळावरही लक्ष ठेवावं लागेल.

माझ्या साखरेचंही त्यांनी विचारलं. आता नवीन औषधं निघाली आहेत. दंडाला चिकटवायची, साखर मोजणारी चकती निघाली आहे, बोट टोचायला नको. आजार नवा असताना वजन उतरवलं तर काहींची साखर गोळीशिवाय सरळ राहते, तपासत मात्र राहावं लागतं. आणि आठवड्यातून एकदा घ्यायचं एक इंजेक्शन आहे, त्याने भूक कमी होते. भूक कमी करायचं औषध, माय. माणसं ते विकत घेतात. हे तुला समोर बसून सांगितलं असतं तर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि शेजारणीला हाक मारून परत सांगायला लावलं असतंस.

पण त्यांनी मला आणखी एक विचारलं, आणि तिथून मी अडकलो आहे. जन्मलात तेव्हा केवढे होतात, माहीत आहे का? मला माहीत होतं. आत्या दर आखाजीला सांगायची. मी पोटात होतो त्या वर्षी पाऊस आला नाही. तू रस्त्याच्या कामावर खडी फोडायचीस. घरात जे शिजायचं ते आधी आजोबा, मग वडील, मग काका, मग आत्या, आणि तू शेवटी, भांड्यात असेल ते. नसेल तर डोंगरातून आणलेली मोहाची फुलं उकडून. कोणी विचारलं तर म्हणायचीस, "मले भूक नही शे." मी झालो तेव्हा मला सुपात ठेवलं तर सुपात जागा उरली, असं आत्या सांगायची आणि हात जवळ आणून माप दाखवायची. मी तेच माप डॉक्टरीणबाईंना दाखवलं. नातीने पटकन विचारलं, "म्हणजे पणजीमुळे आबांना साखर?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पणजीमुळे नाही. भुकेमुळे." नातीला ते पटलं. मलाही पटतं.

तुला पटलं नसतं. मी तुला ओळखतो. एवढं सगळं सांगितल्यावर, की माय तुझा दोष नव्हता, तू कधी चोरून खाल्लं नाहीस हे आता दवाखान्यातले लोक सांगतात, त्यातलं तू काही ऐकलं नसतंस. तू फक्त एवढंच धरून बसली असतीस की त्या वर्षी मी दोन घास खाल्ले असते तर माझ्या पोराला गोळ्या लागल्या नसत्या. आणि मग कोणी काही म्हटलं असतं तरी तो विचार तुझ्या डोक्यातून गेला नसता. गुळाचं बोलणं तू हसण्यावारी नेलंस. हे तू नेलं नसतंस.

तुझ्या फोटोसमोर बसून हे मोठ्याने वाचावं असं सुरुवातीला मनात होतं. सून पलीकडे डाळ निवडते आहे, नात जेवून अंगणात फेऱ्या मारते आहे. नाही वाचणार. तू गेल्यानंतर मला साखर झाली, तुला ते कळलं नाही, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटतं आहे की तू तेव्हा गेलीस ते एका परीने बरं झालं. हे कोणाला सांगायची सोय नाही.